दोनशे माणसांचं दुकान : पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’चं प्रकरण

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहात सिल्व्हिया बीच यांच्या वाचनालयाची, म्हणजे पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पुस्तकांच्या दुकानातल्या वाचनालयाची, कार्डं जपून ठेवलेली आहेत. आपल्याकडे तालुक्याच्या वाचनालयात असतात तशीच साधी कार्डं. वर सभासदाचं नाव, खाली पत्ता, मग पुस्तक नेल्याची तारीख, पुस्तकाचं नाव, परत आल्याची तारीख. माणसाने बिऱ्हाड बदललं की जुना पत्ता खोडून नवा लिहिलेला. विद्यापीठाने ती आता सगळ्यांना बघण्यासाठी खुली केली आहेत, आणि मी गेल्या काही वर्षांत कितीदा ती चाळत बसलो असेन याची गणती नाही. एक कार्ड अर्नेस्ट हेमिंग्वेचं, एक गर्ट्रूड स्टाइनचं, एक सिमोन द बोव्हारचं, एक वॉल्टर बेंजामिनचं. बाकीची शेकडो कार्डं कधीही नाव न झालेल्या माणसांची: विद्यार्थी, शिक्षिका, डॉक्टर, पॅरिसला महिना-दोन महिने आलेले प्रवासी.

या दुकानाबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक थोर लेखकांच्या किश्श्यांनी भरलेलं असतं. किस्से खरे आहेत, पण त्यात दुकान हरवतं. मला या प्रकरणाकडे दुकान म्हणून बघायचं आहे. परक्या शहरात, तिथले लोक बोलत नाहीत अशा भाषेतल्या पुस्तकांचं दुकान एका बाईने काढलं. ते २२ वर्षं चाललं आणि सक्तीने बंद झालं. पुढे दुसऱ्याच माणसाने ते नाव उचललं आणि आजही त्या नावाने पुस्तकं विकली जातात. हे कशावर चाललं? पैसा कुठून येत होता, आणि नुकसान कोणी सोसलं?

सुरुवात : लंडन परवडलं नाही म्हणून

सिल्व्हिया बीच यांचा जन्म १८८७चा, बाल्टिमोरचा. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. वडिलांची काही काळ पॅरिसच्या अमेरिकन चर्चमध्ये नेमणूक होती, त्यामुळे मुलीला ते शहर लहान वयातच ओळखीचं झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या पुन्हा पॅरिसला आल्या, युद्ध संपल्यावर रेड क्रॉसबरोबर सर्बियात जाऊन आल्या. पॅरिसमध्ये त्यांना आद्रिएन मोनिए भेटल्या. मोनिए यांनी १९१५ साली, म्हणजे ऐन युद्धात, रू द लोदेओंवर ७ क्रमांकाच्या गाळ्यात फ्रेंच पुस्तकांचं दुकान उघडलं होतं, आणि त्यातच वर्गणी भरून पुस्तकं घरी नेण्याची सोय ठेवली होती. दुकानही आणि वाचनालयही. बीचबाईंचा सगळा धंदा या एका बाईकडे बघून उभा राहिला, आणि पुढे आयुष्यभराची सोबतही तिथेच मिळाली.

मुळात बीचबाईंना फ्रेंच पुस्तकांचं दुकान न्यूयॉर्कला काढायचं होतं. ते आवाक्याबाहेरचं होतं. लंडनला चौकशी केली, तिथेही जमण्यासारखं नव्हतं. मग उलटा विचार झाला: पॅरिसमध्येच इंग्रजी पुस्तकांचं दुकान. पॅरिसमध्ये भाडं कमी, राहणं स्वस्त. आईने अमेरिकेहून ३,००० डॉलर पाठवले आणि रू द्युपुइत्रांवर एक बंद पडलेली लाँड्री घेतली. १९ नोव्हेंबर १९१९ला दुकान उघडलं. १९२१ साली ते मोनिए यांच्या दुकानासमोरच, १२, रू द लोदेओं इथे हललं. रस्त्याच्या एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. गिऱ्हाईक या दारातून त्या दारात.

विक्री नव्हे, वर्गणी

या प्रकरणातली सगळ्यात कळीची गोष्ट मला इथे दिसते. इंग्रजी पुस्तकांच्या किमती पौंडात आणि डॉलरमध्ये. युद्धाआधी एका डॉलरला ५ फ्रँकच्या आसपास मिळायचे. युद्धानंतर फ्रँक घसरत गेला, १९२६च्या उन्हाळ्यात तर डॉलर ४०च्या पुढे गेला, आणि मग २५च्या आसपास स्थिरावला. म्हणजे फ्रँकमध्ये कमावणाऱ्या माणसाला नवं इंग्रजी पुस्तक ही चैन होती. बीचबाईंनी हे पहिल्याच दिवसापासून ओळखलं होतं. पुस्तकं विकून पोट भरणार नाही, पुस्तकं फिरवावी लागतील. म्हणून वाचनालय.

आणि गंमत बघा. ज्या फ्रँकच्या घसरणीमुळे पुस्तकं विकली जात नव्हती, त्याच घसरणीमुळे पॅरिस अमेरिकनांनी भरलं. डॉलरमध्ये थोडेसे पैसे असलेला कुणीही तरुण तिथे वर्षभर राहून लिहू शकत होता. अमेरिकेत दारूबंदी होती, छापण्यावर नीतिरक्षकांची नजर होती. पॅरिसमध्ये खोली, जेवण आणि मोकळीक तिन्ही स्वस्त. विसाव्या शतकातल्या इंग्रजी साहित्याचा एवढा मोठा भाग त्या शहरात लिहिला गेला, त्याच्या मुळाशी प्रतिभेइतकाच हुंडणावळीचा दर आहे. हे म्हटल्याने त्या लेखकांचं काही कमी होत नाही. पण दुकानाचा हिशेब मांडताना हे डोळ्यांआड करून चालत नाही, कारण पुढे दर उलटा फिरला तेव्हा दुकानही कोसळायला आलं.

वाचनालयाची रीत अशी. वर्गणी भरायची, अनामत ठेवायची, एका वेळी एक किंवा दोन पुस्तकं न्यायची, पंधरवड्यात परत आणायची. सभासदाला एक छोटं कार्ड मिळायचं. शहर सोडताना किंवा खिसा रिकामा झाल्यावर ते दाखवून अनामत परत घ्यायची. फ्रेंचमध्ये वर्गणीदाराला ‘आबोने’ म्हणतात. त्यावरून बीचबाई आपल्या सभासदांना लाडाने ‘बनी’, म्हणजे ससे, म्हणायच्या. पुस्तकांची यादी नव्हतीच. काय नाही ते लोकांनी स्वतः शोधावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. वर्गणी, अनामत, तारखेचा शिक्का हे सगळं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घरोघरचं आहे. त्यामुळे मराठी वाचकाला या दुकानाचं मर्म चटकन कळायला हवं. तिथलं ‘साहित्यिक वातावरण’ आकाशातून पडलेलं नव्हतं. पंधरा दिवसांनी माणसाला पुस्तक परत द्यायला यावंच लागतं. आला की दुसरा कुणीतरी आलेला असतो. विकत घेणारा एकदा येतो आणि जातो. उसनं नेणारा येत राहतो.

डिसेंबर १९२१मध्ये हेमिंग्वे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याकडे अनामतीचे पैसे नव्हते. बाईंनी त्याला ओळखपाळख नसताना पुस्तकं नेऊ दिली, पैसे होतील तेव्हा दे म्हणाल्या. तो पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घरी गेला. ही उदारता होती, यात शंका नाही. पण धंद्याच्या नजरेने बघितलं तर हा उत्तम व्यवहारही होता. तो माणूस पुढे वीस वर्षं त्या दुकानाचा राहिला.

शिवाय दुकान हे टपालघरही होतं. घरपत्ता नसलेले किती तरी लेखक आपला पत्ता म्हणून दुकानाचा पत्ता देत. बीचबाईंनी अक्षरवार खणांची एक पेटी ठेवली होती, आलेली पत्रं त्यात टाकायची. लोक पैसे उसने न्यायचे. पॅरिसचा तो भाग सेन नदीच्या डाव्या काठावरचा, इंग्रजीत काठाला आणि पेढीला एकच शब्द, तेव्हा आपलं दुकान म्हणजेच खरी ‘लेफ्ट बँक’, असं त्या म्हणायच्या.

दोन प्रती, सकाळची गाडी

आयरिश लेखक जेम्स जॉइस जुलै १९२०मध्ये कुटुंबासकट पॅरिसला आला आणि एका मेजवानीत बीचबाईंची त्याच्याशी ओळख झाली. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात आला आणि सभासद झाला. त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी तेव्हा न्यूयॉर्कच्या एका मासिकात क्रमशः येत होती. १९२१च्या फेब्रुवारीत त्या मासिकाच्या दोघी संपादिका अश्लीलतेच्या खटल्यात दोषी ठरल्या, प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. अमेरिकेचं दार बंद. इंग्लंडमध्ये तर छापणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकत असल्यामुळे मुद्रक हात लावायला तयार नव्हते. आता माझं पुस्तक कधीच निघणार नाही, असं जॉइस दुकानात येऊन म्हणाला, तेव्हा बाईंनी विचारलं, आमच्या दुकानाला हा मान द्याल का? त्यांनी तोवर एकही पुस्तक छापलेलं नव्हतं.

हा निर्णय धाडसी होता, पण आंधळा नव्हता. मोनिए यांचा मुद्रक होता, दिजोंचा मॉरिस दारांतिएर. तिथल्या खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे चुका होणार हे ठरलेलं, पण बिचकून कुणी काम टाकणार नाही हेही तितकंच पक्कं. भांडवल नव्हतं, म्हणून आगाऊ नोंदणी. एक पत्रक काढलं. एकूण १,००० प्रती: हाताने केलेल्या डच कागदावरच्या, जॉइसच्या सहीच्या १०० प्रती ३५० फ्रँकना, दुसऱ्या चांगल्या कागदावरच्या १५० प्रती २५० फ्रँकना, उरलेल्या ७५० प्रती १५० फ्रँकना. सर्वांत स्वस्त प्रतही दहा डॉलरच्या वर. नोंदणी करायला जे धावत आले त्यात फ्रेंच लेखक आंद्रे जीद होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येईल. बर्नार्ड शॉने नकाराचं सविस्तर पत्र लिहिलं.

खरा खर्च वाढला तो जॉइसच्या हाताने. मुद्रितं, म्हणजे तपासायची कच्ची छापील पानं, आली की तो समासात लिहायचा, समास भरला की आणखी. पुस्तकाचा सुमारे तिसरा हिस्सा मुद्रितांवर लिहिला गेला, असं बीचबाईंनी नोंदवलंय. ज्यांनी कधी छापखान्यात बसून मुद्रितं तपासली आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. जुळवलेलं पान मोडून पुन्हा जुळवायचं, आणि प्रत्येक खेपेला पैसे मोजायचे. दारांतिएरने सावध केलं. बाईंनी जॉइसला हवी तितकी मुद्रितं द्यायला सांगितलं. एका टंकलेखिकेच्या नवऱ्याने हस्तलिखित वाचलं आणि संतापून त्यातली पानं आगीत टाकली, तेही निस्तरावं लागलं. मुखपृष्ठाला ग्रीक झेंड्याचा निळा रंग हवा, असा जॉइसचा हट्ट. तसा निळा मिळेपर्यंत दारांतिएरला वणवण करावी लागली.

२ फेब्रुवारी १९२२ हा जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी पुस्तक हातात पडावं अशी त्याची इच्छा. टपालावर भरवसा ठेवण्याइतका वेळ नव्हता. दारांतिएरने दोन प्रती दिजों-पॅरिस एक्स्प्रेसच्या गार्डाच्या हाती दिल्या. सकाळी सातला बीचबाई फलाटावर उभ्या होत्या. गाडी हळूहळू थांबली, गार्ड खाली उतरला, हातातलं पुडकं घेऊन इकडेतिकडे बघू लागला. बाईंनी ते घेतलं, तशाच जॉइसच्या दारात गेल्या आणि एक प्रत त्याच्या हातात ठेवली. दुसरी दुकानाच्या काचेत लावली. दुकान उघडायच्या आत बाहेर गर्दी, प्रत्येकाला आपली प्रत हवी. अख्ख्या शहरात दोनच प्रती आहेत हे कुणाला पटेना. शेवटी काचेतली प्रत काढून लपवावी लागली.

७३२ पानांच्या त्या पुस्तकात छपाईच्या चुकांबद्दल क्षमा मागणारी प्रकाशकाची टीप होती. मला त्या टिपेबद्दल फार प्रेम आहे. किती जणांच्या हातून काय काय होऊन ते पान आपल्यापर्यंत आलं, ते त्या दोन ओळींत दिसतं.

करार नव्हता

आता या प्रकरणातली दुखरी जागा. निव्वळ नफ्याचा दोन-तृतीयांश वाटा जॉइसचा, असं दोघांत ठरलं होतं. प्रत्यक्षात बीचबाई हिशेब न बघता त्याला पैसे देत राहिल्या: घरभाडं, दवाखाना, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया, सहली. त्याचा पत्रव्यवहार सांभाळला, त्याची कामं केली. अमेरिकेत पुस्तकावर बंदी, म्हणून हेमिंग्वेच्या ओळखीच्या एका माणसाने कॅनडाच्या हद्दीतून रोज एकेक प्रत कपड्यांत लपवून फेरीबोटीने पलीकडे नेली. दुकानाने एकंदर ११ वेळा पुस्तक छापलं. पण लेखी करार मात्र अनेक वर्षं नव्हता.

बंदी असल्यामुळे अमेरिकेत पुस्तकाला कायद्याचं संरक्षण नव्हतं. सॅम्युएल रॉथने न्यूयॉर्कमध्ये ते बिनदिक्कत छापायला घेतलं. १९२७मध्ये १६७ लेखकांच्या सह्यांचं निषेधपत्र निघालं. त्यामागची सगळी धावपळ पुन्हा दुकानाचीच. १९३०च्या डिसेंबरात अखेर करार झाला, जगभराचे हक्क बीचबाईंकडे. मग अमेरिकन प्रकाशकांच्या मागण्या येऊ लागल्या. बाईंनी आपल्या हक्कांची किंमत २५,००० डॉलर सांगितली. ती कुणी गंभीरपणे घेतली नाही. जॉइसच्या बाजूने एक स्नेही येऊन सांगून गेला की तुम्ही त्याच्या वाटेत उभ्या आहात. त्यांनी हक्क सोडले. १९३२मध्ये जॉइसचा न्यूयॉर्कच्या रँडम हाउसशी करार झाला, १९३३च्या डिसेंबरात न्यायाधीश वूल्झी यांनी पुस्तक अश्लील नसल्याचा निकाल दिला, १९३४च्या जानेवारीत ते अमेरिकेत राजरोस प्रसिद्ध झालं. ज्या बाईने ते जगात आणलं तिच्या वाट्याला त्यातलं काहीही आलं नाही.

त्यांनी स्वतः याबद्दल कधी कांगावा केला नाही. मूल आईचं असतं, सुइणीचं नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. अनेकांना यात त्यांचं मोठेपण दिसतं. मला राग येतो. जॉइसचा नव्हे, तो कसा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. राग येतो तो दुकानदाराच्या श्रमाला ‘प्रेम’ म्हणून फुकटात घेण्याच्या सवयीचा. ही सवय पॅरिसपुरती नाही. आपल्याकडेही चांगल्या छोट्या प्रकाशकाने पदरमोड करावी, हे जणू ठरलेलंच असतं, आणि त्याच्या हयातीनंतर आपण त्याचे गोडवे गातो. बीचबाई बाकी सगळ्या बाबतींत चोख होत्या. वाचनालयाचं कार्ड त्या तारखेसह लिहीत. हे एक कार्ड त्यांनी लिहिलं नाही.

उलटा फिरलेला दर

१९२९ला अमेरिकेत मंदी आली, घरून येणारे पैसे आटले. अमेरिकेने डॉलरचं अवमूल्यन केलं, १९३४पर्यंत डॉलरला १५च्या आसपास फ्रँक मिळू लागले. पॅरिस महाग झालं आणि परदेशी मंडळी परत निघाली. त्याच सुमारास ‘युलिसिस’ही हातातून गेलेली. विक्री, वर्गणी, प्रकाशन असे तिन्ही आधार एकदम निखळले. बाईंनी जॉइसची हस्तलिखितं विकायला काढली आणि दुकान बंद करायचा विचार बोलून दाखवला.

तो ऐकला जीदने. तो म्हणाला, काहीतरी केलं पाहिजे. आधी फ्रेंच लेखकांनी सरकारकडे मदतीसाठी अर्ज केला, पण दुकान परकीय बाईचं, अनुदान देता येत नाही. मग १९३६मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र’ अशी मंडळी जमवली. वर्षाला २०० फ्रँक वर्गणी, त्यात दुकानात लेखकांची वाचनं ऐकायला मिळायची. पहिलं वाचन जीदचं. पुढे पॉल व्हालेरी, टी. एस. एलियट. हेमिंग्वेला लोकांसमोर वाचायचा तिटकारा, तरी १९३७मध्ये स्टीफन स्पेंडरबरोबर तोही वाचायला बसला. सभासद २००च घ्यायचे असं ठरलं, कारण त्या दुकानात जेमतेम तेवढीच माणसं कोंबता येत होती.

या टप्प्यावर थोडं थांबावंसं वाटतं. सोळा-सतरा वर्षं दुकानाने लेखकांना उसनं दिलं होतं: पुस्तकं, पैसे, पत्ता. ते उसनं कुठल्याही खातेवहीत नव्हतं, पण परत आलं. आणि परत करणारे मुख्यतः फ्रेंच होते. ज्या परदेशी मंडळींसाठी दुकान म्हणून ओळखलं जातं ती बहुतेक निघून गेली होती. रू द लोदेओंवरचे शेजारी, मोनिए यांचे वाचक, समोरच्या दुकानातून रस्ता ओलांडून येणारे फ्रेंच लेखक, यांनी ते दुकान तगवलं. ‘प्रवासी लेखकांचा अड्डा’ या वर्णनात ही माणसं सुटतात, ते मला खटकतं.

दोन तास

१९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. बीचबाई गेल्या नाहीत. १९४१च्या डिसेंबरात एक जर्मन अधिकारी दुकानात आला. काचेत जॉइसच्या शेवटच्या कादंबरीची प्रत होती, ती त्याला हवी होती. बाईंनी सांगितलं, ही एकच उरली आहे, विकायची नाही. काही दिवसांनी तो परत आला. प्रत आता काचेत नव्हती. आज तुमचा सगळा माल जप्त करतो, असं तो संतापून बोलून गेला.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक रिकामी जागा होती. बाई, त्यांची मित्रमंडळी, चौकीदारीण सगळी कामाला लागली. पुस्तकं आणि चित्रं टोपल्यांमध्ये भरभरून जिना चढवली. विजेचे दिवेही काढले. सुताराने फळ्या उतरवल्या. रंगाऱ्याने दारावरचं नाव रंगाखाली पुसलं. दोन तासांत तिथे दुकान नव्हतं. जर्मन जप्तीला आले की नाही, त्यांना काही सापडलं की नाही, याने फरक पडला नाही. त्यांना हवं ते तिथे नव्हतं. पुस्तकं बचावली. बाई मात्र सुटल्या नाहीत. १९४२मध्ये त्यांना इतर अमेरिकन बायकांबरोबर धरून आधी पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या माकडघरात आणि मग वित्तेलच्या छावणीत ठेवलं, सहाएक महिने.

ऑगस्ट १९४४मध्ये पॅरिस मुक्त होत असताना हेमिंग्वे जीपगाड्या घेऊन रू द लोदेओंवर आला आणि त्याने खालून बाईंना हाक मारली. पण त्यांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. हजारो पुस्तकं पॅरिसच्या अमेरिकन लायब्ररीला दिली, आठवणी लिहिल्या, १९६२मध्ये त्या वारल्या.

त्याच नावाचं दुसरं दुकान

आज पर्यटक ज्या हिरव्या दाराबाहेर रांग लावतात ते बीचबाईंचं दुकान नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते जॉर्ज व्हिटमनचं. न्यू जर्सीत जन्मलेला हा भटका माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये शिकायला राहिला. १९५१मध्ये त्याने ३७, रू द ला ब्युशेरी इथे, नोत्र-दामच्या समोरच्या काठावर, एका किराणा दुकानाच्या जागेत पुस्तकं मांडली. नाव ठेवलं ‘ल मिस्त्राल’. १९६४मध्ये शेक्सपिअरच्या जन्माला ४०० वर्षं झाली, तेव्हा त्याने बीचबाईंच्या दुकानाचं नाव घेतलं. त्याला मुलगी झाली १९८१मध्ये, तिचं नावही सिल्व्हिया.

बीचबाई पुस्तक उसनं द्यायच्या, व्हिटमन छप्पर द्यायला लागला. दुकानात कपाटांच्या मधेमधे बाकडी, त्यावर रात्री झोपायचं. अटी तीन: दिवसाला एक पुस्तक वाचायचं, दुकानात थोडा वेळ काम करायचं, आणि जाण्याआधी एका पानात आपली जीवनकहाणी लिहून ठेवायची. दुकानाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३०,००० माणसं अशी राहून गेली. त्या पानांचा ढीग साठत गेला, म्हणजे बीचबाईंच्या कार्डांची जागा या पानांनी घेतली. अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग पॅरिसला होता तेव्हा त्याचा इथे वावर होता. १९६२मध्ये तो मुंबईला आला आणि तिथल्या तरुण कवींमध्ये मिसळला, त्या कवींनी पुढे आपली लघुनियतकालिकं स्वतःच छापली. एका दुकानामुळे ते घडलं, असं मी म्हणणार नाही. पण ती माणसं कुठून कुठे फिरत होती, हे त्यातून दिसतं.

व्हिटमन २०११च्या डिसेंबरात, ९८वा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी गेला. त्याआधीच मुलीने दुकान हाती घेतलं होतं. वडिलांच्या काळात नसलेला दूरध्वनी आणि कार्डाने पैसे घेण्याची सोय तिने आणली, साहित्य महोत्सव सुरू केला, २०१५मध्ये शेजारी कॅफे काढला. पॅरिसमधलं ‘व्हिलेज व्हॉइस’ हे तितकंच नावाजलेलं इंग्रजी दुकान २०१२मध्ये बंद झालं. मुंबईतलं स्ट्रँड, ज्याने आमच्या पिढीला इंग्रजी पुस्तकं सवलतीत वाचायला लावली, ते २०१८मध्ये. त्या काळात हे दुकान टिकलं यात जागेचा आणि जगभर पोचलेल्या नावाचा मोठा हात आहे. पण हिशेबाला शिस्त लावणारं कुणीतरी घरातच निघालं, हेही तितकंच महत्त्वाचं. ते भाग्य बीचबाईंना लाभलं नाही.

२०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि पर्यटक गेले. मार्चपासून विक्री जवळजवळ ८० टक्के घटली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस सिल्व्हिया व्हिटमनने वाचकांना पत्र लिहून परिस्थिती उघडपणे सांगितली आणि पुस्तकं मागवण्याची विनंती केली. एरवी आठवड्याला शंभरेक मागण्या येत, त्या आठवड्यात सुमारे ५,००० आल्या. कधीकाळी त्या बाकड्यांवर झोपून गेलेल्या माणसांनीही पैसे पाठवले. पाठोपाठ दुकानाने वर्गणीदार सभासद घ्यायला सुरुवात केली. त्या योजनेला नाव दिलं ‘फ्रेंड्स ऑफ शेक्सपिअर अँड कंपनी’, जीद आणि त्याच्या मंडळींनी १९३६मध्ये दिलेलं तेच.